आखाजीची कविता आणि बहिणीचं वावर

वाचकाचं पत्र (नावगाव वगळून, थोडक्यात)

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. त्यांना शाळेत शिकवणारे सर गावचे नावाजलेले कवी होते, आता हयात नाहीत. यंदा सरांची जन्मशताब्दी. सार्वजनिक वाचनालयानं त्यांच्या निवडक कवितांचं पुस्तक काढायचं आणि नव्या अभ्यासिकेला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. संपादन या ताईंकडे आलं. आठवणी गोळा करायला त्या सरांच्या धाकट्या बहिणीकडे गेल्या. आत्याबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी सांगितलं ते असं: वडील वारल्यावर, १९८७ साली, ‘वारस लावायचे आहेत’ म्हणून भावानं त्यांना तालुक्याच्या कचेरीत नेलं आणि जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. बाहेर आल्यावर हॉटेलात शेवभाजी खाऊ घातली, एक लुगडं घेतलं, एस.टी.त बसवून दिलं. पुढच्या वर्षी नवऱ्याच्या आजारपणात त्या आपल्या वाट्याचं मागायला गेल्या, तर ‘सही करताना तोंड नव्हतं का?’ असं उत्तर मिळालं. त्यानंतर माहेरहून मुराळी, म्हणजे सणाला न्यायला येणारं माणूस, आला नाही. सरांची सगळ्यात गाजलेली कविता १९८९च्या एका दिवाळी अंकातली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीची, निंबाला बांधलेल्या झोक्याची.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणतात, त्या काळी सगळेच असं करत, मेलेल्या माणसाचं कशाला उकरता. सरांचा मुलगा नगरपालिकेला उभा राहतोय आणि विरोधकांना कुणकुण लागली आहे. ते ताईंकडे कागद मागत आहेत. ताई विचारतात: ‘ही कविता खोटी समजायची का? वर्गात शिकवू की नको? दहावीची फी सरांनी भरली म्हणून मी शिकले. गप्प बसले तर पाप, बोलले तर कृतघ्नपणा. संपादन सोडून देऊ का?’

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात सर साडेतीन पानं आहेत आणि आत्याबाई सात ओळी. दोष देत नाही. माणूस मोठा असला की त्याच्या चुकीच्या गोष्टीतही मुख्य पात्र तोच राहतो. त्यांना असं कसं करवलं, त्यांच्या कवितेचं काय, त्यांच्या नावाचं काय, माझ्या मनातल्या मूर्तीचं काय. जिचं वावर गेलं ती कोपऱ्यात उभी. म्हणून आपण उलट्या टोकापासून सुरुवात करू.

आत्याबाईंचं एक वाक्य तुम्ही जसंच्या तसं उतरवलं आहे: ‘कविता माले पाठ शे. पन मना वाटानं वावर कथं गये?’ या बाईनं कवितेला खोटं म्हटलेलं नाही. ती पाठ आहे म्हणाल्या. शिवाय हिशेब विचारला. तुम्ही मात्र ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध उभी केलीत आणि त्यांतलं एक खोडायला निघालात. आत्याबाईंना जे एकत्र धरता येतं ते आपल्याला का जड जातं?

कारण आपल्याला शाळेपासून शिकवलंय की चांगली ओळ चांगल्या माणसाच्याच हातून उतरते. कवी म्हणजे हळवा आणि हळवा म्हणजे सज्जन. मला हे गणित कधीच पटलेलं नाही. हळवेपणाला दुसऱ्याचं दुःख दिसतं, एवढंच. त्या दुःखासाठी स्वतःचं चार बिघे सोडायला वेगळी ताकद लागते, आणि ती एक ओळही न लिहिलेल्या माणसात सापडते. कविता हक्कसोडीनंतर दोन वर्षांनी छापून आली हे तुम्हीच लिहिलंय. सरांना आपण काय केलं ते पक्कं ठाऊक असावं, असं मला ती वाचून वाटलं. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत झोका आहे, निंब आहे, गौराईची गाणी आहेत, पण बहिणीला दारात घेणारा भाऊ कुठेच नाही. अर्थात हा माझा तर्क. तो खरा निघाला तरी त्याला माफीनामा समजू नका. पश्चात्तापाची कविता लिहून सातबारा बदलत नाही.

आपल्याकडे आखाजीला सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं, त्याचा हिशेब चुकता होतो, मग नवं साल ठरतं. त्याच सणाला लेकी माहेरी येतात. सरांच्या घरी सालदाराचा हिशेब दरवर्षी वेळेवर होत असेल याबद्दल मला शंका नाही. बहिणाबाईंनी लिहिलं, ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’. माय गेल्यावर ते माहेर टिकवणं भावाच्या हातात येतं. सरांनी जमीन घेतली आणि माहेरही बंद केलं. मला विचाराल तर दुसरी गोष्ट जास्त वाईट. पहिलीत लोभ होता. दुसऱ्या वेळी बहीण नवऱ्याच्या आजारपणासाठी दारात उभी होती.

आता अध्यक्षांचं म्हणणं. ‘त्या काळी सगळेच असं करत.’ यात तथ्य आहे. साडीचोळी करून बहिणीची सही घेणं ही आपल्याकडची रीतच होती, अजूनही संपलेली नाही, आणि हे वाचणाऱ्या कित्येक घरांतल्या कपाटात असा एखादा कागद असेल. रीत होती म्हणून एकट्या सरांना राक्षस ठरवणं अन्यायाचं होईल. पण १९५६च्या कायद्यानं वडिलांच्या वाट्यात मुलीचा हिस्सा तेव्हाही मान्य केलेला होता, आणि ‘वारस लावायचे’ असं सांगून हक्कसोडीवर सही घेणं ही रीत नव्हे, फसवणूक आहे. न शिकलेल्या शेतकऱ्यानं रिवाज म्हणून केलं तर मी थोडं सैल मोजेन. गावाला स्त्रीजन्माच्या दुःखाबद्दल व्याख्यानं देणाऱ्या माणसाला ती सवलत द्यायला माझा हात पुढे होत नाही. ज्याला कळत होतं त्याला जास्त लागू.

आणि एक गोष्ट बघा. हेच प्रकरण गावातल्या एखाद्या बाईचं असतं तर? कुणा शिक्षिकेचं, सरपंच बाईचं? पारावर एका संध्याकाळीत निकाल लागला असता. बाईच्या चुकीला आपल्याकडे पुरावा लागत नाही. पुरुषाच्या चुकीला नोंदणीकृत कागदही कमी पडतो. अध्यक्षांचा ‘मेलेल्याचं उकरू नका’ हा उदारपणा कुणाकुणाला मिळतो हे त्यांना एकदा विचाराच.

दुसऱ्या बाजूला विरोधक आहेत. त्यांना आत्याबाईंची कणव आलेली नाही, निवडणूक आली आहे. कागद त्यांच्या हाती पडला की चार दिवसांत आत्याबाईंचा फोटो पत्रकावर येईल, मोबाइलवर फिरेल आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जाईल. त्यांच्या पक्षातल्या किती जणांनी बहिणींना वाटा दिला आहे हे विचारून बघा, कसे गप्प होतात. राजकारणातला नैतिक संताप बहुतेक वेळा असाच असतो: आपल्या माणसाची ‘परिस्थिती’ आणि त्यांच्या माणसाचं ‘चारित्र्य’. म्हणून कागद देऊ नका. खोटं सांगायचीही गरज नाही. ‘ज्यांचा कागद आहे त्यांना विचारा’ एवढं उत्तर पुरे.

आपल्याला मोठ्या माणसाचा हिशेब ठेवता येत नाही असं मात्र नाही. महाभारत काढून बघा. द्रोणाला पाडायला युधिष्ठिर अर्धसत्य बोलतो, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. गोष्ट तिथे संपत नाही. शेवटी स्वर्गात जाताना त्याला त्या एका वाक्यासाठी थोडा वेळ का होईना नरक बघावा लागतो. व्यासांनी युधिष्ठिराला ग्रंथाबाहेर काढलं नाही आणि ते वाक्यही गाळलं नाही. टिळकांचंच घ्या. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठीचं मुलीचं किमान वय दहावरून बारावर नेलं, एवढंच, आणि टिळक त्याच्या विरोधात उभे राहिले. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा करू नये, सुधारणा आतून व्हावी, ही त्यांची बाजू होती. ती प्रामाणिक होती असंही मला वाटतं. तरी दहा वर्षांच्या मुलीच्या जागी उभं राहून बघितलं तर ती बाजू लंगडी पडते. मंडालेचा तुरुंगवास त्यानं कमी होत नाही, आणि मंडालेमुळे हेही पुसलं जात नाही. इतकं साधं आहे, पण टिळकांच्या जयंतीला हे बोलून बघा!

मात्र टिळक आणि युधिष्ठिर यांच्या बाबतीत आता फक्त मोजमाप उरलंय. तुमच्या बाबतीत तसं नाही, आणि तुमच्या पत्रातला हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही सरांचा न्याय करायला बसल्या आहात. सर गेले, त्यांना थोर म्हणा, ढोंगी म्हणा, त्यांना फरक पडत नाही. पण वावर जागेवर आहे. आत्याबाई जिवंत आहेत. त्या वावरातला कापूस आज कुणीतरी वेचतंय, आणि तो माणूस नगरपालिकेला उभा आहे. मेलेल्या माणसाच्या चारित्र्यावर बोलणं स्वस्त पडतं. त्याच चर्चेच्या आडोशाला जिवंत माणसांचं देणं आरामात लपतं. म्हणून ‘सर कसे होते?’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. ‘अजून काय दुरुस्त होऊ शकतं, आणि ते कोणाच्या हातात आहे?’ हे विचारा.

पहिलं काम, आत्याबाईंकडे पुन्हा जा. वही-पेन घेऊन नको, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवून तर अजिबात नको. त्यांना काय हवंय ते विचारा. जमीन हवी असेल. पैसे हवे असतील. कदाचित भाच्यानं एकदा येऊन पाया पडावं, एका आखाजीला न्यावं, एवढंच हवं असेल. आणि ‘माझ्या भावाचं नाव खराब करू नको’ असंही त्या म्हणू शकतात. तसं म्हणाल्या तर तुम्हाला कितीही राग आला तरी ते ऐकावं लागेल. आपल्यावर झालेल्या अन्यायाचं काय करायचं हे ठरवायचा पहिला अधिकार त्यांचा. त्यांच्या मुलासुनांचा दुसरा. तुमचा बराच नंतर.

त्यांना कायद्याच्या वाटेनं जायचं असेल तर हक्कसोडपत्राची नक्कल आणि त्यावरून झालेली फेरफार नोंद (तलाठ्याच्या दप्तरातली मालकीबदलाची नोंद) काढा. २००५च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं, वडील २००५ साली हयात नसले तरी तो हक्क राहतो, असं स्पष्ट केलं. हे ऐकून लगेच आशा लावू नका. नोंदणीकृत हक्कसोड मोडणं अवघड असतं. फसवणूक सिद्ध करावी लागते आणि दावा लावायच्या मुदतीचा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. नीट सल्ला वकीलच देईल. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आपल्या गावांत अजून फार जणींना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. ज्यांच्या घरात असे कागद नुकतेच तयार होत आहेत त्या बहिणींनी तर सही करण्याआधीच तिथे जावं. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, भाऊ कितीही प्रेमाचा असला तरी.

दुसरं, सरांच्या मुलाशी बोला. आत्याबाईंची हरकत नसेल तरच, आणि एकटीनं नको. गावात दोन्ही बाजूंना मान असलेलं एखादं जुनं माणूस सोबत घ्या. धमकी म्हणून बोलू नका. ‘निवडणुकीआधी मिटवा नाहीतर बाहेर काढू’ असं वाक्य तोंडातून गेलं की तुम्ही त्या पत्रकवाल्यांच्या रांगेत बसलात. सरळ सांगा की पुस्तक करताना हे कळलं, तुम्हाला ठाऊक आहे का, आणि काय करावंसं वाटतं. कोर्टाशिवायही वाटा देता येतो, रक्कम देता येते, दोन्ही घरांत जाणंयेणं सुरू होऊ शकतं. तो ऐकेलच असं नाही. ‘आमच्या घरचा प्रश्न’ म्हणून दार लावील, ही शक्यता मी जास्त धरते.

आता पुस्तक. ते काढा आणि आखाजीची कविता त्यात घ्या, गाळू नका. गाळलीत तर बहिणीला दुसऱ्यांदा बाहेर काढल्यासारखं होईल. त्या घरात तिची तेवढीच जागा उरली आहे. प्रस्तावनेत ‘ऋषितुल्य’, ‘संतप्रवृत्तीचे’ असले शब्द वापरू नका. ‘दांभिक’ही नको. आत्याबाईंची संमती असेल तर एवढं पुरे: ‘या कवितेआधी दोन वर्षं कवीच्या बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडल्याचा दस्त झाला. तो आपल्याला नीट न सांगता करून घेतला, असं त्या सांगतात.’ दस्त आहे तिथे दस्त म्हणा, सांगणं आहे तिथे सांगणं म्हणा. विशेषण एकही नको. वाचक मूर्ख नसतो. संमती नसेल तर हा मजकूर टाकू नका, पण खोटी स्तुतीही लिहू नका. कवितांवर लिहा, माणसावर लिहूच नका. प्रस्तावनेत माणसाची आरती असायलाच हवी असा काही नियम नाही, आपण सवयीनं करतो.

अभ्यासिकेच्या नावाचा निर्णय मात्र वेगळा ठेवा. कविता छापणं आणि भिंतीवर नाव कोरणं यांत मोठा फरक आहे. पुस्तक वाचकाला पटलं नाही तर तो मिटतो. पाटी म्हणजे गावानं केलेला सन्मान, आणि तिच्याखाली बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला तिच्याशी वाद घालता येत नाही. माझं मत विचाराल तर आत्याबाईंचा प्रश्न सुटेपर्यंत नाव देऊ नये, निदान निवडणूक होईपर्यंत तरी नाहीच. अध्यक्षांना तुमचं हे मत लेखी द्या. समितीनं बहुमतानं उलट ठरवलं तर तो त्यांचा निर्णय. तुमच्या प्रस्तावनेत न विचारता फेरफार केले तर मात्र संपादक म्हणून तुमचं नाव काढून घ्या. नुसत्या अस्वस्थतेपोटी आताच बाजूला होऊ नका. तुम्ही सोडलंत की ते काम ‘ऋषितुल्य’ लिहिणाऱ्याकडे जाईल.

वर्गात कविता शिकवा. सरांच्या घरचं मुलांना सांगायची गरज नाही, त्यांची नातवंडं त्याच शाळेत असतील. एवढंच विचारा, या कवितेतल्या बहिणीच्या नावावर काय आहे? झोका कोणाच्या निंबाला बांधलाय? नववी-दहावीच्या मुलींना उत्तर सुचेल. एखादा मुलगा घरी जाऊन आईला तिच्या माहेरच्या जमिनीचं विचारील. पालकसभेत थोडी कुरकुर होईल, त्याची तयारी ठेवा.

राहिला कृतघ्नपणा. सरांनी तुमची फी भरली ते खरं आहे आणि खरंच राहणार. ते उपकार फेडायला तुम्ही आत्याबाईंचं वावर वापरू शकत नाही, ते तुमच्या मालकीचं नाही. अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण मांडलं, तेव्हा ते गांधीजींना पसंत नव्हतं. गुरुजींनी उपोषण सोडलं नाही, आणि गांधींवरची श्रद्धाही सोडली नाही. गुरूचा शब्द आणि आपलं काम यांत अंतर पडलं म्हणून त्यांना कोणी कृतघ्न म्हटलं नाही. तुम्ही सरांना ‘सर’ म्हणणं चालू ठेवा. त्यांच्या आठवणीनं डोळे भरून आले तर येऊ द्या. त्यांच्या बहिणीच्या घरी जाऊन आल्यावरही ते भरून येतील, आणि त्या दोन्ही वेळा तुम्ही खोट्या नसाल.

अशी पत्रं मला आजोबांबद्दल येतात, एखाद्या कीर्तनकाराबद्दल, पक्षातल्या जुन्या कार्यकर्त्याबद्दल येतात. त्या सगळ्यांनाही हेच सांगेन: आधी बघा की ऐकीव आहे की झालेलं. ज्याला भोगावं लागलं तो जिवंत आहे का, असेल तर त्याच्याकडे जा. आणि निकाल दिल्यानं तुमचा काही फायदा होणार असेल, मत, जमीन, जुना राग काहीही, तर निकाल दुसऱ्याला देऊ द्या.

ताई, छापखान्याला मजकूर द्यायची तारीख जवळ आली आहे असं तुम्ही लिहिलंय. शताब्दी वर्षभर चालते, पुस्तक दोन महिने उशिरा आलं तरी बिघडत नाही. आत्याबाईंचं वय बघता त्यांच्याकडे जाणं आधी. अध्यक्षांना पत्र द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका.